०६४४ चे ४२० होतात तेव्हा

समजा, सेटिंगच्या फाइलमध्ये तुम्ही टीप लिहून ठेवली: "ही संख्या वाढवू नका, सर्व्हर बसतो." नंतर एखाद्या प्रोग्रामने त्याच फाइलमधली दुसरीच ओळ बदलून फाइल सेव्ह केली. आता उघडून बघा: टीप गायब! मी स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टने माझ्या प्रयोगाच्या फाइलचं हेच केलं. कोणती संख्या का ठेवली होती, हे आठवण्यात दोन दिवस गेले.

असं का होतं? प्रोग्राम फाइलमधून फक्त मूल्यं उचलतो. सेव्ह करताना तो जुनी फाइल दुरुस्त करत नाही, त्या मूल्यांवरून नवीच लिहून काढतो. पायथनची पाययॅमल लायब्ररी घ्या. ती टिपा टाकून देते आणि वेगळं सांगितलं नाही तर नावं वर्णक्रमाने लावते. फाइलच्या परवानगीसाठी लिहिलेले ०६४४ परत लिहिताना ४२० होतात. अष्टमान ६४४ म्हणजे दशमान ४२०च, त्यामुळे यंत्राच्या लेखी काहीच चुकलं नाही. वाचणाऱ्या माणसाशी मात्र चारसोबीसीच झाली.

यावर संशोधनात एक देखणी कल्पना आहे, 'लेन्स'. बेंजामिन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. लेन्स म्हणजे दोन फंक्शनची जोडी. 'गेट' फाइलमधून मूल्यं काढतं. 'पुट' बदललेली मूल्यं आणि जुनी फाइल, दोन्ही हातात घेऊन नवी फाइल बनवतं. सगळी गंमत त्या जुन्या फाइलमध्ये आहे. टिपा तिथूनच परत मिळतात. लिनक्सवरचं ऑगियस हे साधन याच कल्पनेवर उभं आहे.

लेन्सचे मूळ नियम दोन. काहीच बदललं नसेल तर फाइल जशीच्या तशी परत यावी, आणि बदललेलं मूल्य फाइलमध्ये खरोखर उतरावं. ऐकायला छान वाटतं ना? पण माझा आक्षेप इथेच आहे. असा एक 'पुट' कल्पून बघा: बदल नसेल तर तो फाइलला हात लावत नाही, आणि एक अक्षर जरी बदललं तरी सगळ्या टिपा पुसून फाइल नव्याने लिहितो. हा आडदांड गडी दोन्ही नियमांत उत्तीर्ण होतो! "थोडा बदल केला तर फरकही थोडाच पडावा" ही आपली खरी गरज, आणि तीच या दोन नियमांत नाही.

ती लिहायला गेलं तर पुढचा पेच येतो. एखादं सेटिंगच काढून टाकलं तर त्याच्या वरच्या टिपेचं काय करायचं? ती त्या एका ओळीची होती, की खालच्या सगळ्या गटाची? हे गणित ठरवू शकत नाही. ते लिहिणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून आहे.

तोवर एक साधी परीक्षा घ्या. एक मूल्य बदला, सेव्ह करा आणि जुन्या-नव्या फाइलमधला फरक बघा. एकाहून जास्त ओळी हलल्या, तर ती लायब्ररी तुमच्या फाइलसाठी नाही. रुआमेल यॅमल किंवा टॉमलकिट वापरून बघा. टिपा जपण्यासाठीच त्या लिहिल्या आहेत. तरीही परीक्षा त्यांचीसुद्धा घ्याच.