श्रेणी, गट आणि एकटा नायक : अद्भुतरम्य भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील संघकथांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

मराठी समीक्षेने अद्भुतरम्य कथनाचा विचार प्रामुख्याने कादंबरीच्या अनुषंगाने केलेला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) पासून नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ (१९१३) पर्यंतच्या प्रवाहाची चर्चा वाङ्मयेतिहासात विस्ताराने आढळते. त्याच अद्भुताचा आस्वाद आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या पडद्यावर घेत असतो, याची नोंद मात्र अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. खेळणारे ज्यांना रोल-प्लेइंग गेम किंवा नुसते आरपीजी म्हणतात, त्या खेळांत मुख्य कथानकाच्या जोडीने काही उपकथानके असतात. त्यांत नायक योद्ध्यांच्या, जादूगारांच्या, चोरांच्या किंवा मारेकऱ्यांच्या एखाद्या संघात दाखल होतो, कामगिऱ्या पार पाडतो आणि पायरीपायरीने वर चढतो. अशा व्यावसायिक संघाला खेळात ‘गिल्ड’ म्हणतात, तर सत्ता, प्रदेश किंवा मत यांवरून उभ्या राहिलेल्या समूहाला ‘फॅक्शन’. प्रस्तुत निबंधात त्यांच्यासाठी अनुक्रमे ‘श्रेणी’ आणि ‘गट’ हे शब्द योजले आहेत.

‘श्रेणी’ हा शब्द सोयीसाठी निवडलेला नाही. गोराईहून खाडी ओलांडून बोरिवलीत आल्यावर कान्हेरीची लेणी फार दूर राहत नाहीत. कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांची दाने त्या लेण्यांतील लेखांत नोंदलेली आहेत. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणारे, कासार आणि धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. सर्वांत बोलका पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे ३००० कार्षापणांची अक्षय नीवी, म्हणजे कधीही न मोडावयाची ठेव, विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि १००० कार्षापण शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले होते. मुद्दल परत मागावयाचे नव्हते. व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. हिशेब केला तर २००० वरील वर्षाचे व्याज बरोबर २४० येते. हे सर्व निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविण्यात आले, असेही लेख सांगतो.

यावरून श्रेणी म्हणजे काय, हे पुरेसे स्पष्ट होते. देणारा आणि घेणारा दोघेही मेल्यानंतर जी दुसऱ्याचा पैसा सांभाळू शकते, ती श्रेणी होय. तिच्या प्रमुखाचे नाव लेखात नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. नेमक्या याच बाबतीत खेळातील श्रेणींची परीक्षा घेणे उद्बोधक ठरते.

मॉरोविंड : नियमांची श्रेणी

‘द एल्डर स्क्रोल्स’ या अमेरिकी मालिकेतील ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) हे तीन खेळ बेथेस्डा या एकाच संस्थेने निर्माण केले. तिन्हींत योद्धे, जादूगार, चोर आणि मारेकरी यांचे संघ कमीअधिक फरकाने आहेत. त्यामुळे त्यांची तुलना सोपी होते आणि नऊ वर्षांत काय बदलले तेही दिसते.

‘मॉरोविंड’मधील संघकथा कथा म्हणून सामान्य आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. बाल्मोरा गावातील जादूगार श्रेणीत नवागताला अजीरा नावाची उमेदवार आधी दलदलीतून अळंबी गोळा करून आणावयास सांगते आणि नंतर प्रतिस्पर्धी सहकारिणीच्या मेजात खोटे रत्न ठेवावयास लावते. यात कोठेही नाट्य नाही, पण कार्यालय आहे. पदोन्नतीसाठी त्या श्रेणीला मान्य असलेली कौशल्ये ठरावीक पातळीपर्यंत आलेली असावी लागतात. ती नसतील तर कामे कितीही केली तरी वरची पायरी मिळत नाही. सहसदस्यावर हात उगारला तर हकालपट्टी होते. श्रेणीचा प्रमुख ट्रेबोनियस हा अत्यंत अकार्यक्षम असून, नाहीशा झालेल्या एका संपूर्ण जमातीचे काय झाले ते शोधून काढ, अशी आज्ञा सहज देऊन मोकळा होतो. तरीही शाखा चालतात, कारण शाखेतील माणसे आपापली कामे करतात. अकार्यक्षम प्रमुखाखालीही टिकून राहणे, हे संस्थेचे लक्षण या खेळाने विनोदाच्या मिषाने का होईना, अचूक टिपलेले आहे.

योद्ध्यांच्या श्रेणीत याहून गंभीर प्रश्न येतो. तिचा प्रमुख एका गुन्हेगारी टोळीच्या पंखाखाली गेलेला आहे. वरून येणारी कामे हळूहळू चोरांच्या श्रेणीविरुद्धची कामे होऊ लागतात आणि शेवटी त्या श्रेणीच्या म्होरक्यांना ठार करण्याची आज्ञा येते. दुसरीकडे आल्डरूनच्या शाखेतील पर्सियस मर्सियस हा जुना सदस्य वेगळा मार्ग सुचवितो. ‘आज्ञा श्रेणीची की प्रमुखाची?’ हा भेद खेळणाऱ्याला स्वतः करावा लागतो. खेळ तो कोठेही समजावून सांगत नाही.

गटांच्या बाबतीत ‘मॉरोविंड’ आणखी पुढे जातो. ह्लालू, रेडोरान आणि तेलव्हानी या तीन घराण्यांपैकी एकातच प्रवेश मिळतो. एक स्वीकारले की उरलेली दोन बंद होतात. मुख्य कथानकात मात्र नायकाला तिन्ही घराण्यांचा सेनानी म्हणून मान्यता मिळवावी लागते आणि त्यासाठी सभासदांची संमती गोळा करीत हिंडावे लागते. ह्लालूचा क्रासियस कुरिओ १००० नाणी मागतो. तेलव्हानींचा प्रमुख निर्णय टाळतच राहतो; त्याला मारल्याखेरीज गाडे पुढे सरकत नाही. हे मतदान भ्रष्ट आहे, क्वचित रक्तरंजितही आहे, पण मतदान आहे. या मालिकेत संस्थात्मक राजकारणाच्या इतके जवळ दुसरे काही जात नाही.

ऑब्लिव्हियन : उत्तम कथा, पोकळ श्रेणी

‘ऑब्लिव्हियन’मध्ये चित्र पालटते. येथे कौशल्याची अट नाही. जादूगारांच्या विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर सात गावांच्या शाखांकडून शिफारसपत्रे आणावी लागतात. (प्राध्यापकवर्गास ही अट अपरिचित वाटणार नाही.) चोरांच्या श्रेणीत ठरावीक किमतीचा चोरीचा माल विकल्याखेरीज पुढचे काम मिळत नाही, धंद्याशी इमान राखणारी ही एकच अट शिल्लक राहते. बाकी सर्वत्र प्रत्येक श्रेणीला एक स्वतंत्र, बांधेसूद कादंबरिका बहाल केलेली आहे. त्यांपैकी काही फार चांगल्या आहेत.

योद्ध्यांच्या श्रेणीसमोर ब्लॅकवूड कंपनी ही स्वस्तात कामे घेणारी प्रतिस्पर्धी उभी राहते. तिच्यात हेर म्हणून शिरलेला नायक एक द्रव पितो, गॉब्लिनांची एक वस्ती कापून काढतो आणि नंतर कळते की ती माणसे होती. बाजारातील स्पर्धेपायी व्यवसायाची नीती कशी सुटते, याचे याहून परिणामकारक चित्रण या माध्यमात क्वचितच सापडेल.

मारेकऱ्यांच्या डार्क ब्रदरहूड या संघाची कथा त्याहूनही विचारप्रवर्तक आहे. चेडिनहालच्या आश्रयस्थानात नायकाला सहकारी भेटतात, ते त्याला आपला मानतात, भेटवस्तू देतात. मग एक दिवस लुसियन लाशान्स आज्ञा देतो की संघात फितूर आहे, तेव्हा आश्रयस्थानातील सर्वांना संपवावे. याला ‘शुद्धीकरण’ असे नाव आहे. त्यानंतरच्या आज्ञा गुप्त जागी ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून येऊ लागतात. मध्येच त्या चिठ्ठ्या बदलल्या जातात आणि नायक संघाच्याच वरिष्ठांना एकेक करून मारीत सुटतो. आज्ञा खरी की खोटी हे पडताळण्याची सोय संघाने कधी केलेलीच नव्हती. नाशिकच्या लेखातील निगमसभा आणि फलक यांचे महत्त्व येथे उलट्या बाजूने कळते. जाहीर वाचन आणि कायमची नोंद नसेल, तर संघाच्या नावाने कोणीही लिहू शकतो. ही कथा लिहिणाऱ्यांना हे अभिप्रेत असो वा नसो, संस्था कशाने मरते याचा तो नेमका आलेख झाला आहे.

मात्र उणीवही येथेच आहे. एकच नायक एकाच वेळी महाजादूगार, योद्ध्यांचा प्रमुख, चोरांचा नायक आणि मारेकऱ्यांच्या संघाचा श्रोता होऊ शकतो. एका श्रेणीला दुसरीतील पदाची गंधवार्ताही नसते. चार कादंबऱ्यांचा नायक एकच आणि कोणत्याही कादंबरीत उरलेल्या तिघींचा उल्लेख नाही, अशी ही अवस्था आहे. एप्रिल २०२५ मध्ये या खेळाची नवी सजविलेली आवृत्ती आली. चित्रे बदलली, ही रचना तशीच राहिली.

स्कायरिम : पदाचे बक्षीस

‘स्कायरिम’मध्ये संघकथा आखूड झाल्या. विंटरहोल्डच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी पुलावर एखादा मंत्र करून दाखवावा लागतो. थोडक्या कामगिऱ्यांनंतर तोच विद्यार्थी महाजादूगार म्हणजे महाविद्यालयाचा प्रमुख होतो. या सर्व काळात त्याने तलवारच चालविली तरी कोणाची हरकत नसते. कम्पॅनियन्स या योद्ध्यांच्या संघात वृद्ध कोडलॅकच्या मृत्यूनंतर प्रमुखपद नवागताकडे येते, आणि वर्षानुवर्षे तेथे राहिलेले सहकारी ते विनातक्रार मान्य करतात. पद येथे जबाबदारी राहत नाही, पारितोषिक होते. केवळ साम्राज्यसेना आणि स्टॉर्मक्लोक या दोन गटांत निवड अटळ आहे. पण निवडीनंतर दोन्ही बाजूंच्या मोहिमा बऱ्याचशा एकाच साच्याच्या निघतात.

चोरांची श्रेणी मात्र याला अपवाद आहे. रिफ्टनच्या भुयारात ही श्रेणी उतरणीला लागलेली असून, नशीब रुसले अशी सदस्यांची समजूत आहे. पुढे तिजोरी उघडली जाते. ती उघडण्यास दोन किल्ल्या लागतात, म्हणजे एकट्याने हात घालू नये अशी रीतसर व्यवस्था केलेली आहे. तरीही ती रिकामी निघते. प्रमुख मर्सर फ्रे याने ती आतून धुऊन नेलेली असते. अक्षय नीवी खाल्ली गेली, असेच हे आहे. पुढे नायकाला प्रमुख व्हावयाचे असेल तर मुख्य कथा संपवून भागत नाही. शहरोशहरी किरकोळ कामे करून श्रेणीची पत परत मिळवावी लागते, आणि तसतसे भुयारात व्यापारी येऊ लागतात, जागा सुधारते. मालिकेतील सर्वांत कंटाळवाणी म्हणून या कामांची टीका होते. ती टीका एका अर्थी बरोबर असली, तरी संस्थेची पत अशा कंटाळवाण्या कामांनीच उभी राहते, हे खेळाने येथे मान्य केले आहे.

दोन बाहेरची उदाहरणे

जर्मनीच्या पिरान्या बाइट्सचा ‘गॉथिक’ (२००१) याच काळातील आहे. त्यात तीन छावण्यांपैकी एकाच छावणीत जाता येते, आणि जुन्या छावणीत शिरण्यासाठी तेथील वजनदार माणसांची अनुकूलता एकेक करून मिळवावी लागते. पोलंडमधील ‘द विचर २’ (२०११) मध्ये रोश की इओर्वेथ ही निवड केली की दुसरे प्रकरणच निराळे होते. एका खेपेत निम्मी कथा दिसतच नाही. दोन्ही खेळांनी नायकाला काहीतरी नाकारण्याचे धाडस केले. बेथेस्डाने ‘मॉरोविंड’नंतर ते उत्तरोत्तर कमी केले. ग्राहकाने विकत घेतलेला कोणताही भाग त्याला बंद असू नये, ही व्यापारी भूमिका समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत श्रेणीच्या अर्थाने मोजली गेली.

संस्था आणि सदस्यत्व

हा प्रश्न केवळ रंजनाचा नाही. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने गोराई आणि चारकोप येथे भूखंड पाडले आणि ते घेणाऱ्या कुटुंबांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये अशा संस्थेत सभासदाला एकच मत असते, मग त्याचे भाग कितीही असोत. वार्षिक सर्वसाधारण सभा, हिशेबाचे वाचन, लेखापरीक्षण, थकबाकी, नव्या सभासदाचा प्रवेश या गोष्टी त्या वसाहतीतील मुलाने घरात ऐकलेल्या असतात. परंतु ‘सदस्य होणे’ या क्रियेचा स्वतः घेतलेला पहिला अनुभव आज अनेकदा खेळातून येतो. तेथे हिशेब वाचला जात नाही, मत पडत नाही. आधीचा प्रमुख मेला की कर्तबगार नवागत त्या जागी बसतो. संस्था म्हणजे एका माणसाच्या चढणीची शिडी, हा संस्कार पन्नास-साठ तासांच्या खेळातून कोणताही उपदेश न करता होत असतो. कादंबरीच्या वाचनाहून तो अधिक खोल जाण्याचा संभव आहे, कारण येथे शिडी वाचक स्वतः चढतो.

यावर असा आक्षेप येऊ शकेल की खऱ्या माणसांनी मिळून चालविलेल्या श्रेणीही खेळांत आहेतच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) मध्ये खेळणारेच श्रेणी स्थापतात, आणि २००७ पासून तिला सामाईक पेढीही मिळाली. कोणाला किती काढण्याची मुभा द्यावयाची, यावरून त्या श्रेणी खरोखरीच भांडतात आणि फुटतातही. आक्षेप रास्त आहे. पण त्या श्रेणींना लिहिलेली कथा नसते. लिहिलेली कथा आणि चालती संस्था हे दोन्ही एकाच खेळात एकत्र आलेले अपवादानेच आढळते.

तसा एक लहानसा प्रयत्न ‘ऑब्लिव्हियन’च्या योद्धा-श्रेणीत दडलेला आहे. कथा संपते, नायक प्रमुख होतो, आणि उपप्रमुख मॉड्रिन ओरेन त्याला विचारतो की येत्या महिन्यात भर नव्या भरतीवर द्यावयाचा की कामे मिळविण्यावर. उत्तराप्रमाणे कोरोलच्या पेटीत जमा होणारा श्रेणीचा पैसा कमीअधिक होतो. बहुतेक खेळणारे तोवर दुसऱ्या कथेकडे वळलेले असतात. ओरेन मात्र दर महिन्याला तोच प्रश्न घेऊन उभा असतो.