सकाळच्या प्रसारणातील सुटलेले सांधे

नभोवाणीवरील सकाळचा संमिश्र कार्यक्रम, म्हणजे एकाच बैठकीत गाणी, पाहुण्याशी संवाद, गावाची खबरबात आणि थोडे चिंतन ऐकवणारे प्रसारण, हा एक स्वतंत्र कलाप्रकार आहे आणि त्याची कसोटी त्याच्या श्रोत्याच्या स्थितीतून ठरते. हा श्रोता कार्यक्रमासाठी म्हणून बसलेला नसतो. त्याचे हात कणकेत किंवा गाडीच्या चाकावर गुंतलेले असतात, तो मध्येच येतो आणि मध्येच जातो, तरी जेवढे कानावर पडेल तेवढ्यात त्याला काही गवसावे लागते. त्यामुळे या प्रकारात घटकांइतकेच त्यांच्यामधले सांधे महत्त्वाचे असतात. गाण्यामागून कोणते वाक्य यावे, पाहुण्याचे बोलणे कोठे थांबवून सूर सुरू करावा आणि विचार उपदेशाच्या अलीकडे कसा थांबवावा, हे ठरवणारा निर्माता हाच येथे रचनाकार होय. मराठी प्रसारणाची आजची अवस्था या निकषावर तपासली, तर सामग्री विपुल आणि रचनाकार दुर्मीळ, असेच म्हणावे लागते.

मुंबईचे केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने 23 जुलै 1927 रोजी सुरू केले, तर पुण्याचे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी आले. आकाशवाणीने दिवसाचे प्रसारण ‘सभां’मध्ये विभागले, सकाळची ती पहिली सभा, आणि तिच्यातील प्रत्येक कार्यक्रमाची जागा ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ या तक्त्याने बांधलेली असते. या पद्धतीचे बळ तिच्या नियमितपणात होते, कारण ठरल्या वेळेला ठरलेली गोष्ट ऐकू येणारच या भरवशावर मोठी निर्मिती उभी राहू शकली. 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले आणि पुढे वर्षभराहून थोडा अधिक काळ दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला त्यातील नवे गीत प्रसारित होत राहिले. केंद्रावरील सीताकांत लाड यांचा पुढाकार, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत यांतून 56 गीतांची ही मालिका साकारली. गीतरामायणाकडे आज मैफलीची किंवा ध्वनिमुद्रिकांची ठेव म्हणून पाहिले जाते. परंतु ते मुळात सकाळच्या पंधरा मिनिटांसाठी घडलेले काव्य आहे, आणि दोन गीतांमधला आठवड्याचा अवकाश, तसेच तेच गीत शनिवारी आणि रविवारी पुन्हा ऐकण्याची सोय, हे त्याच्या परिणामाचे अंग होते. घाईच्या वेळी श्रोता गंभीर काही ऐकणार नाही, हा आज सर्रास केला जाणारा दावा या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

याच तक्त्याची मर्यादाही लपण्यासारखी नाही. भक्तिगीत, शेतकऱ्यांसाठी सल्ला, प्रादेशिक बातम्या, आरोग्यविषयक भाषण आणि नाट्यगीत हे सारे एकामागून एक येते, पण एकमेकांची ओळख नसलेल्या शेजाऱ्यांसारखे. वक्त्याचे पावसाच्या लहरीपणाविषयी बोलून झाले की पुढचे गाणे त्याची दखल घेतेच असे नाही. एकेक कार्यक्रम नीटस असूनही सभा म्हणून काही घडत नाही.

सांधे जुळले म्हणजे काय होते, हे विविध भारतीच्या दोन कार्यक्रमांत उत्तम दिसते. 3 ऑक्टोबर 1957 रोजी सुरू झालेली ही सेवा हिंदी असली, तरी तिचे मुख्यालय मुंबईत आहे आणि महाराष्ट्रातील घरांत ती आपलीच मानली गेली. ‘संगीत सरिता’ या तिच्या सकाळच्या छोटेखानी कार्यक्रमात एखादा गायक किंवा वादक रागाची ओळख करून देतो, म्हणजे त्या रागाचे स्वर, त्याचे चलन, त्यातील टाळायच्या जागा आणि त्याचे जवळच्या रागांशी नाते उलगडतो, लगेच गाऊन किंवा वाजवून दाखवतो, आणि मग त्याच रागावर बेतलेले चित्रपटगीत लागते. ते गीत श्रोत्याला बहुधा पाठ असते. आता मात्र त्यातील एखादी हरकत का आली, हे त्याला ऐकता ऐकता कळते. येथे पाहुणा, संगीत आणि विचार हे तीन वेगळे खण राहत नाहीत, कारण पाहुण्याचे बोलणे गाण्यावाचून अपुरे आहे आणि गाणे त्याच्या बोलण्याने बदलते. ‘त्रिवेणी’ हा कार्यक्रम एका विषयाभोवती तीन गाणी आणि त्यांना जोडणारे निवेदन गुंफतो. त्याची जात अधिक नाजूक आहे. लेखन जागरूक असेल तर ओळखीचे गीत अनपेक्षित अर्थ देते, आणि लेखन सैल पडले की निवेदन सुविचारांच्या फळ्याइतके सपाट होते. असे दोन्ही प्रकारचे भाग त्यात ऐकायला मिळतात, तरीही गाण्याला विचाराचा भाग मानण्याची त्याची दृष्टी मोलाची आहे.

खासगी एफएमने 2001 मध्ये बंगळूरुपासून आरंभ केला आणि लवकरच मुंबईची सकाळ पालटली. निवेदकाची जागा ‘आरजे’ने घेतली, बोलीभाषेला ध्वनिक्षेपक मिळाला, रहदारी, लोकल आणि पाणीकपात हे विषय श्रोत्यांच्या फोनसह प्रसारणात आले, हा लाभ खरा आहे. आरजे मलिष्का यांनी 2017 मध्ये मुंबईच्या खड्ड्यांवर केलेले विडंबनगीत महापालिकेला झोंबले, ही सकाळच्या कार्यक्रमाने नागरी जीवनात केलेल्या हस्तक्षेपाची ठळक खूण होय. मात्र या वाहिन्यांची तासाची आखणी ‘क्लॉक’ नावाच्या आराखड्याने होते, ज्यात गाणी, जाहिराती आणि दोन गाण्यांमधले बोलणे, म्हणजे ‘लिंक’, यांच्या जागा ठरलेल्या असतात. आणि लिंक फार लांबवायची नाही, हा तेथील शिरस्ता आहे. एवढ्या अवकाशात चुरचुरीत वाक्य मावते, संवाद मावत नाही. पाहुणा बहुतेक वेळा येत्या शुक्रवारच्या चित्रपटाचा असतो आणि तो काय बोलणार, हे श्रोत्याला आधीच ठाऊक असते. मुंबईत मराठी अनेकदा हिंदी बोलण्यातली फोडणी म्हणूनच उरते.

या उथळपणाचा दोष केवळ आरजेंवर टाकणे अन्यायाचे ठरेल. परवान्यांचे मोठे शुल्क, 2005 नंतरची महसुलातील वाटा देण्याची पद्धत आणि स्वतःच्या बातम्या प्रसारित करण्यास असलेली मनाई यांनी वाहिन्यांना एकाच लोकप्रिय गाण्यांच्या यादीकडे ढकलले. 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका कंपनीच्या केंद्रांना परस्परांचे कार्यक्रम वापरण्याची मोकळीक दिली, आणि लहान शहराची सकाळ दूरच्या स्टुडिओतून चालवणे व्यवहार्य झाले.

आकाशवाणीच्या अडचणी वेगळ्या आहेत. पाळीनुसार मानधन घेणाऱ्या नैमित्तिक निवेदकांवर तिची भिस्त आहे, आणि ज्याला पुढच्या आठवड्याची पाळी निश्चित नाही, त्याच्याकडून दोन तासांच्या सलग रचनेची अपेक्षा करता येत नाही. जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला, तेव्हा उठलेल्या विरोधामुळे त्याला स्थगिती द्यावी लागली. सकाळच्या मराठी बातम्यांशी श्रोत्यांचे नाते अजून किती जिवंत आहे, हे त्यातून दिसले. दुसरीकडे, म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी सामुदायिक केंद्रे, म्हणजे स्थानिक संस्थांनी चालवलेली थोड्या टापूतली प्रसारणे, गावातल्याच माणसाला पाहुणा म्हणून बसवतात. तेथील तांत्रिक सफाई कमी असेल, परंतु बोलणाऱ्याला स्वतःचे सांगायचे काही असते, आणि हीच गोष्ट मोठ्या शहरांच्या झगमगीत कार्यक्रमांत हरवली आहे.

हे सुटलेले सांधे जुळवायचे, तर आकाशवाणीच्या मराठी केंद्रांनी सकाळी सात ते नऊ या वेळेची जबाबदारी एका निर्मात्याकडे किमान वर्षभरासाठी सोपवावी, पाहुणा, गाणी आणि चिंतन यांची निवड त्यालाच करू द्यावी आणि त्याचे नाव रोज प्रसारणात सांगावे. खासगी वाहिन्यांनी आठवड्यातून एकदा तरी जाहिरातीसाठी न आलेल्या पाहुण्याला दहा अखंड मिनिटे द्यावीत. यांपैकी कशालाही नवे तंत्रज्ञान किंवा मोठा निधी लागत नाही.