असुरगुरु शुक्र : एका चरित्राची पाठचिकित्सा

मराठी माणसाच्या बोलण्यांत शुक्राचार्य येतो तो बहुधा झारींतून. दुसऱ्याच्या हिताच्या आड येणाऱ्यास आपण ‘झारींतला शुक्राचार्य’ म्हणतों, आणि बलीचें दान अडविण्यासाठीं झारीच्या तोटींत शिरलेला, वामनाच्या दर्भानें एक डोळा गमावलेला गुरु डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु भागवताच्या आठव्या स्कंधांतील बलिवामनकथा उघडून पाहिली तर तेथें तोटींत शिरणें नाहीं व फुटलेला डोळाही नाहीं. तेथें आहे तो यजमानाचा सर्वनाश आधींच दिसत असलेला एक पुरोहित. हा बटु प्रत्यक्ष विष्णु आहे, वचन पाळशील तर सर्वस्व जाईल, असें तो बलीस स्पष्ट बजावतो. बली ऐकत नाहीं. तेव्हां ज्यास वांचवावयाचें त्यासच ‘ऐश्वर्यभ्रष्ट होशील’ असा शाप तो गुरु देतो. ज्याच्या हितासाठीं झगडावें त्याचेंच अहित शेवटीं आपल्या वाणीनें घडावें, हें शुक्राच्या चरित्राचें खरें सूत्र आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हें सूत्र आजवर झांकून राहिलें, याचें कारण निरनिराळ्या काळचे ग्रंथ एकाच भांड्यांत ओतण्याची आपली संवय. म्हणून प्रथम थर वेगळे करूं.

सर्वांत जुना थर ऋग्वेदाचा. तेथें उशना काव्य हा असुरांचा नव्हे, तर इंद्राचा सहायक आहे. पहिल्या मंडळाच्या १२१ व्या सूक्तांत इंद्राचें वज्र घडविणारा म्हणून त्याचा उल्लेख येतो. तैत्तिरीय संहितेंत चित्र पालटतें : देवांचा दूत अग्नि, तर असुरांचा दूत उशना काव्य. त्याच संहितेंत अन्यत्र असुरांचे पुरोहित म्हणून शंड व मर्क हे दोघे येतात. भागवतांत हेच शंडामर्क शुक्राचे पुत्र व प्रल्हादाचे शिक्षक झालेले दिसतात. पंचविंश ब्राह्मणांत उशना असुरांचा पुरोहित आहे खरा, परंतु देव त्याला कामदुघा धेनू देऊन आपल्याकडे बोलावून घेतात. म्हणजे ज्याला आपण एका पक्षाचा कट्टर अभिमानी समजतों, त्याचा पाय मुळापासून दोन्ही अंगणांत आहे.

महाभारतकारांनाही हें कोडें जाणवलें होतें. शांतिपर्वांत युधिष्ठिर भीष्मास विचारतो कीं, देवर्षि असून हा काव्य असुरांचें प्रिय करण्यांत कां रमला? उत्तरादाखल आलेली कथा विलक्षण आहे. उशन्यानें योगबलानें कुबेराचें धन हरण केलें; शिवानें क्रुद्ध होऊन त्याला गिळलें; शिवाच्या उदरांत तळमळल्यावर तो शिश्नमार्गें बाहेर पडला आणि त्यामुळें ‘शुक्र’ झाला. शिव त्यास मारावयास उठला असतां देवीनें आडवें येऊन त्याला पुत्र मानलें. वाचकांनीं ही कथा ध्यानांत ठेवावी. जो स्वतः शत्रूच्या पोटांतून पुत्र होऊन निघाला, त्याच्याच पोटांतून आदिपर्वांत शत्रूचा मुलगा पुत्र होऊन निघतो.

आतां आदिपर्व. कच शुक्राकडे येतो तो नांव लपवून नव्हे. मी अंगिरसाचा नातू, बृहस्पतीचा पुत्र, असें तो प्रथमच सांगतो. आणि शुक्र त्याचें स्वागत करतांना, तुझा सन्मान तो बृहस्पतीचाच सन्मान, असें म्हणतो. प्रतिस्पर्ध्याच्या मुलाला जाणूनबुजून घरांत घेणारा हा गुरु भोळा नाहीं. विद्या मागावयास आलेल्यास परत लावणें त्याच्या धर्मांत बसत नाहीं, इतकेंच. दानव मात्र कचाला ओळखतांच मारतात व लांडग्यांस घालतात. देवयानीच्या आग्रहावरून शुक्र त्याला जिवंत करतो. पुढें दानव त्याला जाळून, त्याची राख मद्यांत कालवून ती शुक्रासच पाजतात.

येथें शुक्राचें वर्तन बारकाईनें पाहण्यासारखें आहे. प्रथम तो मुलीस म्हणतो कीं, उठविला तरी हा पुन्हा मारला जातो, आपण काय करावें? शोक करूं नको. हा विरक्तीचा उपदेश मुलगी ऐकत नाहीं, आणि बाप पुढें तिचेंच ऐकतो. कच आपल्या पोटांतून बोलूं लागल्यावर त्याला कळतें कीं, कच जगावयाचा तर आपण मरावयाचें. देवयानीला दोन्ही मरणें सारखींच दाहक वाटतात. तेव्हां शुक्र पोटांतल्या शिष्यास संजीवनी शिकवितो, पुत्र होऊन बाहेर ये व मला उठीव, असें सांगतो. ज्या विद्येसाठीं देवदानवांचें एवढें वैर, ती कोणी चोरून नेली नाहीं. मुलीचें दुःख न पाहवणाऱ्या बापानें ती आपल्या हातानें दिली. त्यानंतरचा मद्यनिषेधाचा शापही तसाच आहे : आजपासून जो ब्राह्मण मद्य पिईल त्याला ब्रह्महत्येचें पातक, असा स्वतःच्या चुकीचा दंड तो साऱ्या वर्णाला लावून ठेवतो.

आणि ज्या मुलीसाठीं हें केलें तिला काय मिळालें? कच तिला नाकारतो तो याच कारणानें. तू गुरुकन्या, शिवाय ज्या उदरांत तू राहिलीस त्यांतच मीही राहिलों, म्हणून तू धर्मानें माझी बहीण, असें तो म्हणतो. बापानें जांवई होऊं शकणाऱ्याला पुत्र केलें आणि मुलीचा वर हिरावला गेला. मुलगी शाप देते, कच उलट शाप देतो, आणि विद्या व विवाह दोन्ही वांझ होतात.

शर्मिष्ठेच्या प्रसंगांत गांठ आणखी घट्ट होते. वस्त्रांची अदलाबदल हें निमित्त. वर्मीं लागतात ते शर्मिष्ठेचे शब्द, कीं तुझा बाप माझ्या बापासमोर खालीं बसून भाटासारखी स्तुति करतो, तू याचकाची मुलगी व मी दात्याची. या अपमानांत दाह आहे तो त्यांत तथ्यांश असल्यामुळें. राजा गुरूच्या पायां पडतो, पण धान्य राजाच्या कोठारांतून येतें. विहिरींतून निघालेल्या मुलीस शुक्र प्रथम क्षमेचा उपदेश करतो, इतकेंच नव्हे तर तुझीही कांहीं चूक असेल असें सुचवितो. क्रोध आवरण्यावरील हा अध्याय महाभारतांतील उत्तम अध्यायांपैकीं एक आहे. परंतु मुलगी मानीत नाहीं, आणि तोच उपदेशक तडक वृषपर्व्याकडे जाऊन, मी तुला सोडून चाललों, म्हणून उभा राहतो. कचाचा वधही तो आतां बोलून दाखवितो. वृषपर्वा समुद्रांत शिरण्याची भाषा करतो. शुक्र म्हणतो, समुद्रांत शीर वा दिशांना पळ, मुलीचें अप्रिय मला सोसवत नाहीं, तिची समजूत घाल. यजमानाची मुलगी हजार दासींसह गुरुकन्येची दासी होते.

शेवट ययातीचा. देवयानी त्याला वरते, आणि वर्णसंकराचा दोष शुक्र आपल्या तपोबलानें दूर करतो. अट एकच, शर्मिष्ठेस शय्येवर बोलावूं नये. ती अट मोडते. देवयानीस यदु व तुर्वसु हे दोन, तर शर्मिष्ठेस द्रुह्यु, अनु व पूरु हे तीन पुत्र होतात. देवयानी रडत बापाकडे येते आणि शुक्र जांवयाला वार्धक्याचा शाप देतो. मुलीचा कैवार घेऊन दिलेल्या या शापानें म्हातारा झाला तो मुलीचाच नवरा! मग उःशाप म्हणून, जो पुत्र हें वार्धक्य घेईल तो राज्यभागी होवो, या ययातीच्या विनंतीस शुक्र संमति देतो. घेतो तो पूरु. राज्याभिषेकाच्या वेळीं प्रजा विचारते कीं, शुक्राचा नातू, देवयानीचा ज्येष्ठ पुत्र यदु, त्याला डावलून धाकट्यास राज्य कसें? ययाति उत्तर देतो कीं, हा शुक्राचाच वर आहे. आजोबाच्या शब्दानें नातू राज्यास मुकला, आणि गादीवर बसला तो वृषपर्व्याचा दौहित्र, दासी केलेल्या मुलीचा मुलगा. कौरव-पांडवांचा वंश तोच.

डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९३६-३७ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या भृगु व भारत यांवरील निबंधांत, महाभारताच्या सध्यांच्या स्वरूपावर भार्गवांचा मोठा हात फिरला आहे, असें प्रतिपादन केलें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ति त्यांच्याच संपादनाखालीं १९३३ सालीं पूर्ण झाली, तेव्हां या मताचें वजन मोठें आहे. परंतु शुक्राच्या बाबतींत आम्हांस एक मर्यादा सुचवावीशी वाटते. भार्गवांनीं आपल्या पूर्वजाचें सामर्थ्य वाढविलें असेल. राजे त्याच्यापुढें थरथरतात हें खरेंच. पण त्या सामर्थ्याचा प्रत्येक आघात त्याच्याच घरावर उलटतो, हें कोणी पुसलेलें नाहीं. केवळ कुलगौरव हा हेतु असता तर प्रजेचा तो प्रश्न ग्रंथांत राहण्याचें कारण नव्हतें. येथें कुलाभिमानापेक्षां कथेचें सत्य वरचढ ठरलें, असें आमचें मत आहे.

आतां पुराणें. मत्स्यपुराणाच्या ४७ व्या अध्यायांत शुक्र बृहस्पतीजवळ नसलेला मंत्र मिळविण्यास तपाला बसतो. मागें त्याच्या आईच्या आश्रयास आलेल्या असुरांसाठीं ती इंद्रास स्तंभित करते; विष्णु तिचें मस्तक तोडतो व भृगु तिला पुन्हा उठवितो. इंद्र आपली मुलगी जयंती शुक्राच्या सेवेस धाडतो. तो तिच्यासह दहा वर्षें अदृश्य राहतो, आणि तेवढ्यांत बृहस्पति त्याचें रूप घेऊन असुरांचा गुरु होऊन बसतो. खरा गुरु परत येतो तेव्हां शिष्य खोट्यासच खरा म्हणतात. देवयानी या जयंतीची मुलगी, असें तेथें म्हटलें आहे. त्याच पुराणांत २५ ते ४२ या अध्यायांत ययातिकथाही असल्यानें दोन्ही कथा जोडण्याचा मोह होतो. देवयानी इंद्राची नात ठरली कीं, वारा होऊन मुलींचीं वस्त्रें मिसळणारा इंद्र तिचा आजोबा ठरतो, आणि कथेस नवीच धार येते! परंतु भागवताच्या पांचव्या स्कंधांत देवयानीची आई प्रियव्रताची मुलगी ऊर्जस्वती आहे, आणि आदिपर्वांतील ययात्युपाख्यानांत आईचें नांवच नाहीं. आम्हांस हें मौनच अर्थपूर्ण वाटतें. आईविना मुलगी व मुलीवांचून दुसरें कोणी नसलेला बाप, या एकाकीपणावर तें सारें उपाख्यान उभें आहे. तेथें जयंती आणून बसविली कीं त्याचा कणा मोडतो.

मराठी वाङ्मयांतही अशी एकांगी उचल झाली आहे. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ (१९१३) नाटकानें मद्यपानास कथेचें केंद्र केलें. नाटककाराचा तो अधिकार आहे. पण कचोपाख्यानांत शुक्र व्यसनी असल्याचें म्हटलेलें नाहीं, मद्याच्या द्वारें तो फसविला गेला एवढेंच आहे. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) कादंबरींत कामवासनेचा प्रश्न अग्रभागीं आला. मुलीवरील मायेनें विवेक हरवणारा बाप मात्र दोन्हींत दुय्यमच राहिला.

पोथीसंग्राहकांस यावरून एक व्यवहार्य सूचना करतां येईल. कचाख्यान वा ययातिआख्यान यांचे सुटे बंद, मग ते संस्कृत असोत, मुक्तेश्वराच्या ओवीबद्ध आदिपर्वाचे असोत वा एखाद्या अनामिक कवीचे असोत, हातीं आले तर तीन गोष्टी आधीं पाहाव्या. देवयानीच्या आईचें नांव आहे काय? कचाची राख मद्यांत घालण्यापूर्वीं त्याला समुद्राच्या पाण्यांत मिसळल्याचा, नीळकंठी पाठांत आढळणारा, प्रसंग आहे काय? शुक्राच्या डोळ्याचा उल्लेख आहे काय? या तीन खुणांवरून बंद कोणत्या परंपरेचा, याचा प्राथमिक अंदाज बांधतां येतो. नुसतें ‘शुक्रकथा’ असें वेष्टनावर लिहून ठेवल्यानें संशोधकास उपयोग नाहीं.

गोदावरीकांठीं कोपरगांवच्या बेटांत शुक्राचार्याचें देऊळ आहे, जवळ कचेश्वरही आहे, आणि संजीवनीची कथा तेथेंच घडली अशी स्थानिक श्रद्धा आहे. ‘भारतभावदीप’कार नीळकंठ चतुर्धर याचें घराणेंही याच कोपरगांवचें; ज्याच्या टीकेबरोबर महाभारताचा प्रचलित पाठ घरोघर गेला, तो हाच. या योगायोगावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु ज्या गांवीं हा गुरु अद्याप देवळांत पूजिला जातो, त्याच भाषेनें त्याला झारींत कोंडून ठेवावें, हें न्यायाचें नव्हे. पोथ्या उघडून त्याला तेथून बाहेर काढणें आपल्या हातीं आहे.