तीन पानांचा अर्थ

भाषेला खेळाचा दृष्टान्त देण्याची प्रथा आपल्या शास्त्रात जुनी आहे. सोस्यूरच्या व्याख्यानांवरून सिद्ध झालेला ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुद्धिबळाचा दृष्टान्त एकाहून अधिक वेळा येतो. मोहऱ्याचे मूल्य त्याच्या लाकडात नसून इतर मोहऱ्यांशी असलेल्या संबंधात असते, हा सिद्धान्त त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनावर चांगला ठसतो. परंतु बुद्धिबळात सगळा पट दोघांनाही दिसतो. बोलणाऱ्याच्या मनातील आशय ऐकणाऱ्याला असा कधीच दिसत नाही. सोस्यूरने पट सोडून पत्ते हाती घेतले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते; आणि पत्त्यांच्या खेळांतही तीनपत्ती.

ठाण्याच्या वर्तकनगरात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गणपतीच्या दिवसांत जागरणासाठी सतरंजी पसरली जाते. आधी मेंढीकोट, झब्बू. मुले झोपली की तीनपत्ती. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी १६,४४० हातांत काहीच जुळलेले नसते. ३,७४४ हातांत जोडी, १,०९६ हातांत नुसता रंग, ७२० हातांत साधा सिक्वेन्स, ४८ हातांत एका रंगाचा सिक्वेन्स आणि ५२ हातांत ट्रेल असते. (ट्रेल ही एकरंगी सिक्वेन्सहून किंचित अधिक वेळा येते, तरी श्रेष्ठ तीच मानली जाते. रूढी गणिताला विचारून ठरत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको.)

आता एखाद्याच्या हाती एक्क्यांची जोडी आली आहे असे समजू. तिच्यावर मात करणारे हात, स्थूलमानाने, १,९१६. म्हणजे शंभरांत नऊहूनही कमी. खेळणारा निश्चिंत होतो. परंतु समोरच्याने पाने पाहून चाल केली आहे, आणि जोडीखालच्या हातावर तो कधी चाल करीत नाही, असा आपला अनुभव आहे. तसे असेल तर त्याचे संभाव्य हात २२,१०० उरत नाहीत, ५,६६० उरतात. मात करणारे १,९१६ मात्र तेवढेच राहतात. शंभरांत नऊचे प्रमाण एकदम चौतिसाच्या घरात गेले. आपली पाने तीच आहेत. एका चालीने त्यांचे मूल्य बदलले. सोस्यूरला जे सांगावयाचे होते ते याहून स्पष्ट कसे सांगता येईल?

तथापि खेळाविषयी बोलताना ‘समोरच्याचा हात वाचला’ असा जो शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो, तो मला अनर्थकारक वाटतो. हात वाचता येत नाही. हातांचा एक संच कल्पिता येतो आणि प्रत्येक चालीगणिक तो आकुंचित करता येतो, एवढेच. पोकरविषयक लिखाणात यालाच ‘रेंज’ म्हणतात. होल्डेम या प्रकारात आरंभीची दोन पाने १,३२६ प्रकारे येतात; चिन्हांची नावे सोडून केवळ जात पाहिली तर १६९ प्रकार होतात. डेव्हिड स्क्लान्स्की याने १९७६ च्या आपल्या पुस्तकात या आरंभीच्या हातांचे बलानुसार गट पाडले. ते उपयुक्त आहेत, पण शब्दकोश उपयुक्त असतो तितकेच. कोश हाताशी हवाच. त्याने वाक्य लागत नाही. ग्रंथकर्त्याला हे ठाऊक आहे, गट पाठ करणाऱ्यांना बहुधा नाही.

अनुमानाच्या या विद्येचा आपल्याकडील प्राचीन दाखला म्हणून वनपर्वातील नलोपाख्यानाकडे बोट दाखविले जाते. ऋतुपर्ण बिभीतक वृक्षाची पाने-फळे पाहता पाहता सांगतो, नल ती प्रत्यक्ष मोजून पाहतो आणि मग त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो. कथा सुंदर आहे, पण दाखला अपुरा आहे. झाड काही लपवीत नाही. पत्त्यांत समोर बसलेला माणूस हूल देणारा असतो, आणि आपणही त्याचा हात अजमावीत आहोत हे त्याला ठाऊक असते. फोन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात पोकरचे विवेचन करताना हुलीला खेळाच्या गणितातच स्थान दिले, ते याच कारणाने.

शिवाय चालीला अर्थ येतो तो ती महाग असते म्हणून. आमच्याकडे काड्यापेटीतील काड्या लावून खेळतात. त्यामुळे बहुधा कोणी पाने टाकीत नाही, आणि म्हणून कोणाच्या चालीवरून काही कळतही नाही. पैसा आला की चाल बोलू लागते, पण तिचा अर्थ लागण्यास बोलणाऱ्याचा परिचय लागतो. माझ्या एका विद्यार्थ्याने भ्रमणध्वनीवरील तीनपत्तीत सत्राचे शुल्क घालविले. समोरच्याचा हात आपण अचूक वाचला होता, असे तो मला पुनःपुन्हा सांगत होता. समोर कोण होते, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा केंद्रीय कायदा २०२५ साली संमत झाला. त्याचे शुल्क त्याआधीच गेले होते.

राहता राहिला ब्लाइंड खेळणारा. पाने न पाहता लावणाऱ्याला पाहून खेळणाऱ्याच्या निम्मेच लावावे लागते; परंतु त्याहून मोठी सवलत ही, की त्याच्या चालीला अर्थच नसतो. त्याचा संच अखेरपर्यंत २२,१०० चाच राहतो. आमच्या मजल्यावरील एक आजी वर्षानुवर्षे अशाच खेळतात. गेल्या गणपतीत एका रात्री त्यांनी चष्मा लावला, पाने उचलून पाहिली आणि पुन्हा पालथी ठेवून चाल केली. लावायच्या त्या काड्याच; तरी आम्ही पाचही जणांनी पाने टाकली. आजींनी काड्या ओढून घेतल्या आणि आपली तीन पाने गड्डीत मिसळून टाकली.