फेरिटिन वाढलं, आग तशीच: एका लोकप्रिय दाव्याची उलटतपासणी

माझ्या मामी दौलताबादच्या किल्ल्याजवळ रस्त्याकडेला फळं विकतात. हंगामात सीताफळं, थंडीत पेरू. सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसून राहायचं काम. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, तू शिकतेस ना बायांच्या आजारांचं? मला खाली आग होते गं. बसवत नाही. वर्ष झालं."

मग त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत रिपोर्ट. हिमोग्लोबिन 9.6, फेरिटिन 9. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, इस्ट्रोजेन अशा सहा-सात हार्मोनच्या तपासण्या. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं की रक्त कमी आहे आणि हार्मोन बिघडलेत, दोन्ही जागेवर आले की आग थांबेल. लोहाच्या गोळ्या आणि 'हार्मोन बॅलन्स'ची एक महागडी पावडर दिली होती. चार महिन्यांनी फेरिटिन 38 झालं, हिमोग्लोबिन 11.8. मामींचा थकवा खरंच कमी झाला. आग तशीच राहिली.

हे फक्त मामींच्या बाबतीत झालं असतं तर इथे लिहिलं नसतं. पण पीएच.डी.च्या माझ्या पहिल्या आराखड्यात मीही जवळजवळ हेच गृहीतक मांडलं होतं: योनीमुखाच्या दीर्घकाळ दुखण्याचा संबंध लोह आणि हार्मोनशी आहे, आणि तो मी मोजून दाखवीन. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "ज्यांना दुखत नाही त्यांचं काय?" मला तेव्हा राग आला होता. आज त्या प्रश्नाच्या जोरावर हा दावा सोलून बघू.

आधी आजाराबद्दल थोडं. बाहेरून दिसणाऱ्या जननेंद्रियाचं दुखणं किमान तीन महिने टिकलं आणि जंतुसंसर्ग, त्वचारोग, गाठ, मज्जातंतूची इजा असं कोणतंही स्पष्ट कारण सापडलं नाही, तर त्याला व्हल्व्होडायनिया म्हणतात. ही व्याख्या 2015 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी मिळून ठरवली. म्हणजे बाकी सगळं तपासून झाल्यावर हे नाव येतं. हे दुर्मिळही नाही. बोस्टन भागात हार्लो आणि स्ट्युअर्ट यांनी 18 ते 64 वयाच्या सुमारे 4,900 स्त्रियांना विचारलं (2003), तेव्हा जवळपास 16 टक्के म्हणाल्या की आयुष्यात कधी तरी असं दुखणं तीन महिने किंवा जास्त झालं होतं. त्यांतल्या सुमारे 40 टक्के डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. ज्या गेल्या, त्यांतल्या 60 टक्क्यांना तीन किंवा जास्त डॉक्टर करावे लागले. अमेरिकेतली ही गत, तर दौलताबादचं काय सांगायचं.

आता लोह. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजने 2011 साली योनीच्या बाहेरच्या त्वचेच्या आजारांवर मार्गदर्शिका काढली. त्यात सांगितलंय की त्वचादाह असेल, म्हणजे मुख्यतः खाज, तर फेरिटिन तपासा. लोह कमी झालं की अंगाला खाज सुटू शकते, हे जुनंच निरीक्षण आहे. पण खाज आणि आग एक नाहीत. आपल्या मराठीत हा फरक उत्तम सांभाळलेला आहे: खाज, आग, ठणका, लघवीला होणारी जळजळ म्हणजे उन्हाळी, अंगावरून पांढरं जाणं म्हणजे धुपणी. प्रत्येकाला वेगळा शब्द. केसपेपरवर उतरताना या सगळ्याचं 'खालचा त्रास' होतं आणि खाजेचा सल्ला आगीला चिकटतो. तुमच्या विषयातही असंच एखादं भाषांतर लपलेलं असेल, ते आधी शोधा.

गाइडांच्या प्रश्नाकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या फेरीत 48 टक्के. मी शंभर दुखणाऱ्या बायका गोळा केल्या असत्या तर त्यांत पन्नासच्या वर रक्तक्षयी सापडल्याच असत्या, आणि मी टेबल रंगवून 'बघा संबंध!' म्हटलं असतं. किल्ल्यासमोर फळं विकणाऱ्या, न दुखणाऱ्या शंभर बायका घेतल्या तरी साधारण तेवढ्याच निघाल्या असत्या. गावात अर्ध्या घरांना निळे दरवाजे असतील, तर चोरी झालेल्या अर्ध्या घरांनाही निळेच असणार.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण गोव्यातलं आहे आणि मला ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला लावावंसं वाटतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यातल्या 18 ते 50 वयाच्या 2,494 स्त्रियांचा अभ्यास 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. प्रश्न दीर्घकाळच्या थकव्याचा होता. बाई थकली म्हणजे रक्त कमी, हे आपण इतकं धरून चालतो की कुणी तपासतच नाही. त्यांनी तपासलं. 12 टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून जास्त थकवा होता. संबंध निघाला तो गरिबीशी, नवऱ्याच्या शिवीगाळीशी, लैंगिक हिंसेशी, मानसिक लक्षणांशी. हिमोग्लोबिनशी निघाला नाही. थकव्याचं जर असं, तर आगीबद्दल 'रक्त वाढवा' म्हणताना जरा तरी जीभ चाचरायला हवी.

(याचा अर्थ गोळ्या बंद करा असा नाही. मामींचं 9.6 हे औषध घेण्यासारखंच होतं. रक्तक्षयाचा इलाज रक्तक्षयासाठी करायचा. आणि फेरिटिन हाती घ्याल तर लक्षात ठेवा, शरीरात कुठेही दाह असेल तर ते फसवं वाढतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी एरवी 15 मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही सीमा धरते, पण दाह किंवा संसर्ग असेल तर 70.)

समजा मामींची आग कमी झाली असती. मग? तरीही लोहाला श्रेय देता आलं नसतं. फॉस्टर आणि सहकाऱ्यांचा 2010 सालचा प्रयोग घ्या: 133 स्त्रिया, डेसिप्रामिनच्या गोळ्या, लिडोकेनचं मलम, दोन्ही किंवा दोन्ही खोटी. खोटी गोळी आणि खोटं मलम मिळालेल्या गटाचं दुखणं 33 टक्क्यांनी कमी झालं. खऱ्या औषधांचे गट त्याहून काही सरस ठरले नाहीत. माणूस दवाखान्यात जातो तो दुखणं टिपेला पोचल्यावर, आणि टिपेवरून बहुतेक गोष्टी खालीच येतात. तेव्हा 'आधी एवढं, नंतर एवढं' असा रिपोर्ट दिसला की पहिला प्रश्न हा: तुलनेचा गट कुठाय? जाता जाता, त्या प्रयोगात दुखणं मोजलं ते टॅम्पॉन घालून-काढून. हे मोजमाप मी दौलताबादला कसं वापरणार, हा प्रश्न मी अजून सोडवतेय.

हार्मोनची बाजू लोहापेक्षा भक्कम आहे, म्हणूनच ती जास्त गोंधळात टाकते. योनीमुखाच्या ऊतींवर इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेन दोन्हींचे ग्राहक असतात. पाळी गेल्यावर, कधी अंगावर पाजतानाही, इस्ट्रोजेन घटतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, आग होते. पाळी गेल्यानंतरच्या या त्रासावर जागेवर लावायचं इस्ट्रोजेन उपयोगी पडतं, याला चांगला पुरावा आहे. पण तेव्हा कारण सापडलेलं असतं, म्हणजे व्याख्येनुसार तो व्हल्व्होडायनिया उरतच नाही.

गर्भनिरोधक गोळ्यांवर मात्र भांडण आहे. क्युबेकमधल्या 2002 च्या अभ्यासात गोळ्या घेतलेल्यांना धोका 6.6 पट दिसला. मिशिगनमध्ये लोकसंख्येतून निवडलेल्या स्त्रियांचा काही काळ पाठपुरावा करून 2013 साली छापलेल्या अभ्यासात वाढीव धोका दिसला नाही. पहिल्यात आजारी आणि निरोगी गटांना मागचं आठवायला सांगितलं होतं, आणि ज्याला दुखतंय तो मागचं जास्त खणून आठवतो. फक्त त्यानेच 6.6 झालं असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचल्याशिवाय यातलं कोणतंही वाक्य प्रबंधात टाकू नका.

आणि 'बॅलन्स'? कोणतं हार्मोन, किती, कुठल्या ऊतीत, पाळीच्या कितव्या दिवशी? मामींचं वय 38, पाळी नियमित. त्यांचं इस्ट्रोजेन कुठल्या तरी एका दिवशी मोजलं होतं, आणि कागदावर तो पाळीचा कितवा दिवस हेसुद्धा नव्हतं. महिनाभरात जो आकडा कित्येक पटींनी वरखाली होतो, त्याच्या एका नोंदीवरून असमतोल ठरवणं म्हणजे एका दुपारी घाटात उभं राहून वर्षाचं पर्जन्यमान सांगणं.

मग आपल्याकडे नीट काम झालंच नाही का? झालंय, आणि ते महाराष्ट्रातच. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या आणि जानेवारी 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं: 92 टक्के स्त्रियांना एक किंवा जास्त स्त्रीरोग, सरासरी प्रत्येकीला 3.6. याआधी तपासणी आणि उपचार मिळालेल्या फक्त 8 टक्के. हा 92 चा आकडा सगळे उद्धृत करतात. मला त्याच्या शेजारचा आकडा जास्त बोलका वाटतो. तक्रार होती 55 टक्क्यांना, 45 टक्क्यांना काहीच लक्षण नव्हतं. म्हणजे तक्रार आणि आजार एकमेकांवर बसत नाहीत. तक्रार नसताना आजार असतो. मग आजार न दिसता तक्रार असलेली बाई कुठे जाईल? रोगांची गणना करणाऱ्या अभ्यासात तिच्यासाठी रकाना नसतो. बंग यांच्या कामावर हा ठपका नाही. 1989 साली प्रश्न वेगळा होता आणि निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा निघाला होता. पण तीन दशकांनंतर आपण त्याच रकान्यांची प्रश्नावली उचलून गावोगाव फिरतो, हे आपलं चुकतंय. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत धुपणीवर नऊ प्रश्न होते. आगीवर एकही नव्हता.

उपचारांत सध्या मला सगळ्यात आशादायक वाटतो तो कॅनडातला 2021 चा प्रयोग: 212 स्त्रिया, दहा आठवडे, एका गटाला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, दुसऱ्याला रात्री लावायचं लिडोकेन. फिजिओथेरपी सरस ठरली आणि फरक सहा महिन्यांनीही टिकला. तरी इथंही बोट ठेवा. एका गटाला दर आठवड्याला कुणी तरी तासभर ऐकून घेत होतं, दुसऱ्याला मलमाची ट्यूब. त्यातला किती परिणाम हातांचा आणि किती कानांचा, हे या रचनेतून वेगळं काढता येत नाही.

मामींना मी शेवटी सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी संसर्ग आणि त्वचा बघितली, मग कापसाच्या काडीनं एकेका जागी हलकेच टेकवत विचारलं, "इथं? इथं?" खालच्या बाजूच्या दोन जागांवर मामी एकदम आखडल्या. या तपासणीला पाच मिनिटं लागली आणि खर्च एका काडीचा. पिशवीतल्या एकाही रिपोर्टमध्ये ती नव्हती. बाहेर आल्यावर मामी म्हणाल्या, "म्हणजे आग खरी आहे म्हण की."

आता फिजिओथेरपी चालू आहे. आग थोडी कमी आहे, पण तीन महिन्यांत काही बोलायचं नाही असं मी स्वतःला बजावलंय. लोहाच्या गोळ्या रक्तासाठी चालू, पावडर बंद. शनिवार-रविवारी किल्ल्यावर गर्दी असते, धंदा सोडून येता येत नाही, म्हणून त्यांच्या तारखा मंगळवारच्या घेतल्यात. आराखड्यातही दुरुस्ती केली: दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या, दोन्ही गट त्याच गावांतले, आणि पहिला प्रश्न मोकळा, "कसं होतं ते तुमच्या शब्दांत सांगा."