‘सतारेन्सिस’ आणि ‘कोळी’ : प्राणिनामांची एक चिकित्सा

शास्त्रीय नाव म्हणजे प्राण्याचे संक्षिप्त वर्णन, असा समज मराठी शास्त्रलेखनात रूढ आहे. बिळात राहणाऱ्या केसाळ कोळ्यांच्या ‘प्लेसिओफ्रिक्टिस’ या वंशाचे नाव तपासले असता तो टिकत नाही.

पोकॉक यांनी १८९९ मध्ये हा वंश स्थापिला. त्याच्या नावातील ग्रीक घटकांचे अर्थ ‘निकटचा’ व ‘अंगावर काटा आणणारा’ असे आहेत. काटा येतो तो पाहणाऱ्याच्या अंगावर. प्राण्याच्या रचनेविषयी वा वर्तनाविषयी त्यातून काहीच कळत नाही. ग्रेव्हली यांनी १९१५ मध्ये एका जातीस ‘सतारेन्सिस’ म्हटले. येथे ‘-एन्सिस’ हा लॅटिन प्रत्यय केवळ स्थलसंबंध दाखवितो.

हा वंश ज्या थेराफोसिडी कुलात मोडतो, त्यात हजाराहून अधिक जाती आहेत. या कुलास सरसकट ‘टॅरँट्युला’ म्हणतात. हा शब्द इटलीतील तारांतो नगरावरून आला आणि मुळात तेथील एका लांडगाकोळ्यास लागू होता. तो कोळी निराळ्या कुलातील आहे. त्याचे विषदंत चिमट्याप्रमाणे एकमेकांकडे वळतात. थेराफोसिडींचे विषदंत समांतर असून वरून खाली येतात. म्हणजे स्थलवाचक नाव स्थळही सोडून गेले आणि प्राणीही. ‘सतारेन्सिस’ असे भरकटत नाही, कारण ते संग्रहातील विशिष्ट नमुन्याशी बांधलेले असते. शास्त्रीय नावाचे बळ अर्थात नसून या बंधनात आहे.

याउलट मराठी ‘कोळी’ हा शब्द सार्थ आहे. विणकर या अर्थाच्या संस्कृत ‘कौलिक’ शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. यावर आक्षेप संभवतो की, ‘कोळीष्टक’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे गोल जाळे हे कोळी विणतच नाहीत. परंतु ते बिळाला आतून रेशमाचे अस्तर लावतात. विणकाम सुटलेले नाही. ते जमिनीखाली गेले आहे.

म्हणून पाटणच्या विद्यार्थ्याने रस्त्याकडेच्या दरडीत असे अस्तर लावलेले बीळ पाहिले, तर त्याच्या हाती ‘विषारी टॅरँट्युला’ हा शब्दप्रयोग देणे हा परिभाषेचा दोष होय. त्यातून भीती मिळते, ज्ञान मिळत नाही; आणि भीतीपोटी बीळ बुजविले जाते. ‘बिळकोळी’ हे नाव अधिक इष्ट. मात्र तेही कुलवाचक मानता येणार नाही, कारण तारांतोचा लांडगाकोळीही बिळातच राहतो. जीवनक्रमासाठी मराठी नाव आणि वर्गीकरणासाठी देवनागरीत लिहिलेले लॅटिन नाव, अशी विभागणी पाळली, तरच दोन्ही नावे आपापले काम करतील. एकाने दुसऱ्याचे भाषांतर होण्याचा अट्टाहास सोडला पाहिजे.