अस्सल, बनावट आणि कातरलेले

ऐतिहासिक कागदांची परीक्षा करणारे विद्वान एकाच कागदाविषयी परस्परविरुद्ध निवाडे देतात, ही तक्रार जुनी आहे. तिचे कारण बहुधा परीक्षकांच्या पूर्वग्रहांत शोधले जाते. पूर्वग्रह असतातच, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते मुख्य दोष निवाड्याच्या साच्यात आहे. कागद एक तर अस्सल, नाही तर बनावट, अशा दोनच कप्प्यांत परीक्षेचा निकाल बसवावयाचा, असा आपला परिपाठ आहे. जो मुळात खरा, पण पुढे ज्याला कोणाचा तरी हात लागला, अशा कागदाला ह्या साच्यात जागाच उरत नाही.

एक परदेशी उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. बेसबॉलपटू होनस वॅग्नर ह्याचे चित्र असलेले एक कार्ड १९०९ ते १९११ ह्या काळातील सिगारेटच्या पाकिटांतील मालिकेपैकी आहे. १९९१ मध्ये पीएसए ह्या प्रतवारी करणाऱ्या कंपनीने ते प्लास्टिकच्या वेष्टनात बंद करून त्यास दहापैकी आठ गुण दिले. कडा कातरलेल्या कार्डास गुण द्यावयाचे नाहीत, असा कंपनीचाच नियम होता. हे कार्ड आपण कातरले होते, अशी कबुली बिल मास्ट्रो ह्या विक्रेत्याने २०१३ मध्ये एका फौजदारी प्रकरणात दिली. लक्षात घ्यावयाचे ते हे की, कार्ड बनावट नव्हते. कागद, रंग, छपाई सर्व त्या काळचे. कडा मात्र मागाहूनच्या. पुढे २०१९ मध्ये संग्राहकांनी जुन्या लिलावांतील छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा गुण मिळालेली आणखी कितीतरी कार्डे अशीच सुधारलेली निघाली. जे तज्ज्ञाच्या भिंगाला दिसले नाही ते आधीच्या छायाचित्राने दाखविले.

आपल्याकडे ह्या प्रश्नाला जमिनीचा वास आहे. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या कमिशनास अधिकार मिळाले. आजोबांच्या पेटीतील सनद एकाएकी घरच्या अन्नाचा पुरावा झाली. अशा वेळी विरलेला कागद पुन्हा लिहून काढणे, पुसट तारीख गडद करणे, हरवलेल्या सनदेची आठवणीवरून ‘नक्कल’ करणे ह्या गोष्टी लबाडीने झाल्या तशा भयानेही झाल्या असणार. पुढे १८६३ च्या दुसऱ्या कायद्याने ठरावीक रक्कम देणाऱ्याच्या हक्काची खोल चौकशी सोडून देण्यात आली. सरकारने परीक्षेपुढे हात टेकले, असेच म्हणावे लागते! सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थाने १९४८ पर्यंत टिकली. तेथील कागदांवर हा प्रसंग ह्या रूपात आला नाही. दोन्ही बाजूंचे कागद एकाच मापाने जोखणाऱ्याने हा भेद ध्यानी ठेवला पाहिजे.

आता चाफळचा वाद घेऊ. रामदासस्वामी व शिवाजी महाराज यांची पहिली भेट १६४९ मध्ये चाफळजवळ शिंगणवाडीस झाली, असे हनुमंतस्वामींची बखर सांगते. ही बखर घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिलेली आहे. उलट भास्कर गोसावी यांचे १६५८ चे व केशव गोसावी यांचे १६७२ चे, अशी दोन पत्रे पुढे आली. त्यांवरून भेट १६७२ च्या सुमाराची ठरते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव पहिल्या पक्षाचे. १९१८ मध्ये ‘सज्जनगड व समर्थ रामदास’ लिहिणारे व पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले गो. चि. भाटे दुसऱ्या पक्षाचे. ह्या दोहोंच्या मध्ये १६७८ ची चाफळची सनद उभी आहे. ती दीर्घकाळ नकलांवरूनच ओळखीची होती.

वादाचे वाङ्मय वाचताना एक गोष्ट खटकते. सनदेविषयी ‘मूळ कोठे आहे?’ असे विचारणारा अभ्यासक तोच प्रश्न गोसाव्यांच्या पत्रांना विचारीत नाही. आणि पत्रांच्या नकलेविषयी शंका घेणारा सनदेची नक्कल मात्र निःशंकपणे पुढे करतो. दोघांचेही प्रश्न रास्त आहेत, अडचण त्यांच्या निवडीत आहे. हेतूचा प्रश्न विचारला तर सनद अधिक संशयास्पद ठरेल, कारण तिच्यामागे गावे व धान्य आहे, पत्रांमागे उत्पन्न नाही. पण लगेच दुसरी बाजूही मांडली पाहिजे: चाफळच्या व्यवस्थेविषयी संभाजी महाराजांच्या कारकीर्दीतील पत्रे आहेत; तेव्हा देणगीच नव्हती, असे म्हणता येत नाही. देणगी खरी आणि उपलब्ध नकलेतील मायना वाढविलेला, ही शक्यता दोन्ही पक्षांनी फारशी तपासली नाही. वस्तुतः १६७८ ची सनद व १६७२ चे पत्र यांत भेटीच्या सालापुरता विरोध नाहीच. विरोध आहे तो बखरीशी, आणि बखर व पत्र यांत निवड करावयाची तर पत्राकडेच माझा कल आहे.

भाषिक कसोट्यांविषयीही हेच. ‘क्षत्रियकुलावतंस’ ही पदवी किंवा राज्याभिषेक शक १६७४ पूर्वीच्या पत्रात आढळला की, आपण पत्र बनावट म्हणून बाजूला टाकतो. शिक्का व मोर्तब असलेल्या मुळात तो आढळला तर ते योग्यच. परंतु नकलेत तो आढळला तर नकलनविसाने आपल्या काळच्या सवयीने मायना पुरा केला असण्याचाही संभव असतो. तेवढ्याने मजकूर पडत नाही. फक्त ती ओळ पडते.

मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरावरून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. त्याचे बळ खरे यांच्या नजरेत होते तितकेच दफ्तराच्या सलगतेत होते. छावणीतून आलेल्या पत्राच्या आगेमागे त्याच मोहिमेची पत्रे असतात. मध्ये एखादे घुसडले किंवा त्याची तारीख फिरविली, तर शेजारची पत्रेच साक्ष देतात. लिलावातील जुन्या छायाचित्रांनी जे काम केले तेच हे. चाफळच्या सनदेला असे शेजारी थोडे आहेत. म्हणून तिच्या प्रत्येक ज्ञात नकलेचा पाठ, ती कोणी, केव्हा व कशावरून केली ह्या तपशिलासह, समोरासमोर छापणे हे पहिले काम आहे. कोणत्या ओळी सर्व नकलांत समान आहेत व कोणत्या एखाद्याच नकलेत आहेत, हे त्यानंतरच पाहता येईल.